कानबाईच्या गळ्यातला धागा

सावद्याच्या धुरपदाअक्काची एकच खोली. चुलीपासून दारापर्यंत केळीच्या खोडातून काढलेले धागे टांगलेले असायचे. श्रावणात घरोघरी नारळाची कानबाई देवी बसायची, तिच्यासाठी अक्का हे धागे हळदीत रंगवून हार, नथी, बाजूबंद करायची. तिच्या घरी मात्र कानबाई नव्हती. नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात, आणि तिचा नवरा, मुलगा एकाच साथीत गेलेले.

त्रेपन्न साली मी पदराआड रोटाचा तुकडा तिला नेऊन दिला. ती भडकलीच. "रोट भाऊबंदांनी खायचा असतो. मी तुमची कोन? घेऊन जाय!"

दुसऱ्या दिवशी सोमवारी आम्ही वाजतगाजत कानबाई विसर्जनाला नदीवर नेली. अक्काच्या दारावरून गेलो, तर दार लावलेलं.

काठावर जाऊबाईंनी रिवाजाप्रमाणे देवीचं सोनं उतरवून घेतलं. मग अक्काचा हार बघून म्हणाल्या, "किती सुरेख गं! हाही ठेवू या."

मी त्यांचा हात धरला. "तो राहू द्या. त्या घरातलं तेवढंच कोणी कानबाईसंगे आलंय."