हरेशबद्दल बोलताना

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर होतं. मी हवालदार, सिग्नल ऑपरेटर. सकाळी सहाला वायरलेस सेट तपासायचा, गस्तीवर गेलेल्या पेट्रोलचे रिपोर्ट घ्यायचे, लॉगबुकात वेळ लिहायची. सेटवर शब्द कमी आणि आवाज स्थिर लागतो. ते मला जमायचं.

लान्स नायक हरेश पाटील माझ्याच भागातला. मी कल्याणजवळच्या मोहन्याचा, तो शीळफाट्याजवळच्या गावातला आगरी. त्या दिवशी दोन शिपाई घेऊन तो पेट्रोलवर गेला. १०.४० ला वरून बर्फ कोसळला. शिपाई गाडले गेले. हरेश छातीपर्यंत अडकला. सेट त्याच्या हातात होता.

“रेस्क्यू कधी पोचेल? ओव्हर.”

“निघालेत. बोलत राहा. ओव्हर.”

निघाले होते हे खरं. पोचायला दीड तास लागणार हेही खरं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बावीस मिनिटं आम्ही बोललो. ११.०२ ला पुन्हा बर्फ आला. मी ११.४५ पर्यंत त्याला हाक देत होतो.

सुट्टीवर आल्यावर त्याच्या आईला भेटलो. त्याला काही कळलंच नाही, असं मी त्यांना सांगितलं.

निवृत्त झाल्यावर कल्याणच्या एका कॉलेजने झेंडावंदनाला बोलावलं. हरेशबद्दल बोलायचं होतं. माईकपुढे उभा राहिलो, हातात लिहिलेला कागद, आणि पहिलं वाक्यच निघेना. जवळजवळ दोन मिनिटं तसाच उभा होतो. शेवटी ‘जय हिंद’ म्हणून खाली उतरलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या जास्त लागल्या.

मग हरेशच्या गावचा निरोप आला. शाळेच्या सभागृहाला त्याचं नाव देणार होते. मीच बोलावं, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. हातात अडीच महिने होते.

डोंबिवलीत कुलकर्णी बाई राहतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांकडून वक्तृत्व स्पर्धांची तयारी करून घेतली. दर शनिवारी चार वाजता मी त्यांच्याकडे जायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी कागद काढून घेतला. गर्दीशी नाही, एका माणसाशी बोला, म्हणाल्या. घसा दाटला तर थांबा, पाणी प्या, लोक थांबतात. दहा शनिवार त्यांनी मला हॉलमध्ये उभं करून तेच ते बोलायला लावलं. आठव्या खेपेला मी न अडखळता शेवटपर्यंत गेलो.

बाईंनी एकच विचारलं, “ही बावीस मिनिटं त्याच्या आईला ठाऊक आहेत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीळफाट्याला उतरून आईंच्या घरी गेलो. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. आधी खोटं बोललो, हेही. त्यांचा हात थांबला.

“माजा नाव घेतला का रं त्यानी?”

“नाही, आई. तो त्या दोघांचंच विचारत होता. त्यांना बर्फातून काढतील ना, एवढंच.”

त्या उठून आत गेल्या. मी अर्धा तास ओटीवर बसलो. मग त्यांनी आतूनच सांगितलं, सगळ्यांसमोर हेच सांग.

कार्यक्रमात बारा मिनिटं बोललो. आई पहिल्या रांगेत होत्या, मी त्यांच्याशीच बोललो. एकदा थांबलो, पाणी प्यायलो. आवाज कापला नाही. नंतर शाळेतले सर म्हणाले, छान बोललात, आमच्या मुलांनाही शिकवा.

आई सगळ्यात शेवटी जवळ आल्या.

“तवा त्याच्याशी पन असाच बोलत व्हतास?”

“हो, आई. असाच.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

आता वर्षातून पाच-सहा शाळांत बोलतो. भीती वाटत नाही. बोलून काय झालं, हे मात्र अजून मला सांगता येत नाही.

बर्फ कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिघेही सापडले. शिपाई दत्ता सावंत, बावीस वर्षांचा. शिपाई विलास मोरे, चोवीस. लान्स नायक हरेश पाटील, सत्तावीस. हरेशचा एक हात विलासच्या दिशेने बर्फ उकरत गेलेला होता.