कागदाची घडी

काल खारघरच्या घरी लेकीने आलेखाचा कोरा कागद पसरला आणि त्याच्या वासाने मी नव्वदीतल्या वाशीत, अकरावीच्या वर्गात पोचले. माझ्या शेजारी सुनंदा बसायची. ती जन्मापासून अंध. ‘गणित सोड,’ असं सगळेच तिला सांगायचे.

एके दिवशी मी तिला दोन बिंदूंचे निर्देशक वाचून दाखवले. तिने तोंडीच मध्यबिंदू काढून लंबदुभाजकाचं, म्हणजे दोन्ही बिंदूंपासून सारख्याच अंतरावर राहणाऱ्या रेघेचं, समीकरण सांगितलं. मी ती रेघ आखली.

“बरोबर आलं का गं?” तिने विचारलं.

मी कर्कटकाने दोन्ही बिंदूंना भोकं पाडली आणि ती एकमेकांवर येतील अशी कागदाची घडी घातली. घडी नेमकी रेघेवर पडली. मी कागद तिच्या हातात दिला.

सुनंदाने घडीवरून बोट फिरवलं. “अय्या, अशी असते होय!”

गणित तिने सोडलं नाही. मला मात्र अजून नवल वाटतं, कधीच न पाहिलेली रेघ तिला दिसली कशी?