बटाट्याचे कान

कोल्हापुरात माणसाच्या कानाचा माझ्या मावसभावाइतका विचार आजवर कोणी केला नसेल. आणि तोही अशा गावात, जिथे निम्मी पेठ तालमीत कान मोडून घेण्यात धन्यता मानते. नव्वदीच्या दशकात तो प्लॅस्टिक सर्जन व्हायला निघाला. साडेपाच वर्षं डॉक्टर व्हायला, वर तीन वर्षं सर्जन व्हायला; आता सुटला म्हणेपर्यंत प्लॅस्टिक सर्जरीच्या एम.सीएच.साठी त्याने मुंबईत आणखी तीन वर्षं नाव घातलं. मित्रांची पोरं शाळेत जायला लागली तरी हा विद्यार्थीच. मावशी म्हणायची, "ह्यो पेन्शनीतच पास हुणार बघ."

जन्मतः कान नसलेल्या मुलाला त्याच्याच बरगडीची कूर्चा कोरून कान करून देतात, आणि ते कोरणं आधी बटाट्यावर शिकतात. सुट्टीत आला की हा पिशवीभर बटाटे घेऊन ओट्याशी बसायचा. त्या घरी भाजीत नेहमी कानच असायचे. टाक्यांचा सराव मटणावर. एकदा मावशीची पाठ वळताच त्याने मटणाच्या फोडी पुन्हा एकमेकींना शिवून टाकल्या, आणि शिरोळचे पाहुणे तांबडा रस्सा ओरपता ओरपता दातांतून निळा दोरा ओढत बसले. त्यातला एकजण मात्र म्हणाला, "शिवण झ्याक हाय."

त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, जुने पैलवान. त्यांच्या डाव्या कानाचा चुरगळून गोळा झालेला. हा मोजपट्टी घेऊन त्यांच्या मागे फिरायचा, "आबा, सरळ करून देतो." काका म्हणायचे, "ही माझी डिग्री हाय. तू आधी तुझी काढ की."

पुढे काकांचं हृदय थकलं. दारावर मुलाची पाटी लागलेली बघावी, एवढीच त्यांची इच्छा उरली. आम्ही सगळे निकालाकडे डोळे लावून बसलो, आणि हा तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकांनी कानाची मापं विचारली, तर याने खिशातून पट्टी काढून त्यांचाच कान मोजला आणि तो जरा खाली बसल्याचं प्रेमाने सांगितलं. मला त्याचा मनस्वी राग आला. काका एवढंच म्हणाले, "माती झाड. परत उतर."

पुढच्या खेपेला तो पास झाला. पाटी लागली, आणि काका तिच्याखाली खुर्ची टाकून बसले. पहिला पेशंट आला तो एक किडकिडीत पैलवान.

"कान सरळ करायचाय?" भावाने आशेने विचारलं.

"न्हाय डॉक्टर, मोडून द्या. म्होरल्या महिन्यात मैदान हाय. समोरचा जरा बिचकंल."

आमचा विद्वान खरोखरच मापं घ्यायला लागला. काका बाहेरून गरजले, "डिग्री इकत घ्यायला आलायस व्हय रं? तालमीत जा." पहिलं गिऱ्हाईक असं गेलं, आणि काका दिवसभर हसत होते.

ते वर्ष काही काकांना पुरं करता आलं नाही.

आज भावाने कोरलेले कान घेऊन कितीतरी मुलं शाळेत जातात. परवा त्याच्याकडे गेलो तर तो पुन्हा बटाटा कोरत बसलेला. कान कसला, गोळाच होता.

"काकांचा?"

"व्हय. ह्यो एकच जमत न्हाय बघ," म्हणाला, आणि तो बटाटा त्याने स्वयंपाकघरात दिला.

जेवताना तो गोळा नेमका माझ्या पानात आला. मी तो पानाच्या कडेला काढून ठेवला. भावाने बघितलं, आणि तो तसाच राहू देत वाटीतला रस्सा माझ्या भातावर ओतला.