शेजारच्या आजींची काठी

मी लीड्सच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्या माणसाकडे चुकीची काठी दिसली की माझं डोकंच फिरतं. शेजारी इथिओपियातून आलेल्या ओरोमो आजी राहतात. त्यांच्या दाराशी एक बारीक लाकडी काठी दिसली, ना मूठ, ना खाली रबर. लगेच ॲल्युमिनियमची काठी घेऊन मी हजर! आजी पोट धरून हसल्या.

"ही टेकायला नसते गं," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. तिला सिंके म्हणतात. ओरोमो मुलीला ती लग्नात आई देते. बाई सिंके घेऊन मध्ये उभी राहिली की भांडण थांबलंच पाहिजे. आणि तिची आरोळी ऐकली की शेजारणींनी हातातलं काम टाकून धावायचं. माझी काठी परत आली आणि आमच्या पॅसेजमध्ये कोटांमागे पडून राहिली.

सासूबाई रोज दुपारी त्यांच्याकडे लोण्यात परतलेले कॉफीचे दाणे खायला जायच्या. एकीला मराठी येतं, दुसरीला ओरोमो. गप्पा मात्र तासन्‌तास.

एका रविवारी धाकटा दीर स्लाऊहून सासूबाईंना कायमचं न्यायला आला. नवरा म्हणाला, आई इथेच राहणार. झालं, दारातच जुंपली.

"दादा, तू दिवसभर कामावर, ती एकटी!"

"आणि तुझ्याकडे काय गोकुळ नांदतंय?"

सासूबाई सुटकेस धरून पायरीवर उभ्या. त्यांना कोणी विचारेल तर शप्पथ! मी तोंड उघडलं, तर दोघंही म्हणाले, "तू थांब." असा संताप आला म्हणून सांगू!

तेवढ्यात शेजारून जीभ थरथरवत काढलेली उंच आरोळी आली. आजी सिंके आडवी धरून थेट सासूबाईंच्या पुढ्यात! दीर पुढे सरकला.

"खबरदार!" मी ओरडले. कोटांमागची ॲल्युमिनियमची काठी उचलली आणि आजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "आधी आईंना विचारा!"

समोरच्या घरातले पडदा सरकवून बघत होते. बघू देत.

दीर वरमला. "आई, सांग ना, इथे तुझं कोण आहे?"

सासूबाईंनी आजींचा हात धरला. "ही आहे." मग माझा धरला. "आणि ही." सुटकेस त्यांनी पायानेच आत ढकलली. "तुम्ही दोघं अधूनमधून भेटायला येत जा."

माझा नवरा त्याच घरात राहतो.