मिरच्यांचा ठसका

फोडणीत लाल मिरची जळली की मला सुदामा नगरच्या घरातली ती दुपार आठवते. राऊ गावातल्या कॉलेजात मला नोकरी लागून काही महिने झाले होते आणि मधूनच माझी छाती धडधडायची, हातांना मुंग्या यायच्या, आता आपण मरणार असं वाटायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून "सब नॉर्मल है" म्हटलं, तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं की मला नजर लागली आहे. त्या दुपारी जेवता जेवता पुन्हा तसंच झालं. आईने मला पाटावर बसवलं, मीठ, मोहरी आणि मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. नजर असली तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. इथे तर बाबा खोकत खोकत खिडक्या उघडायला धावले. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "नजर नाहीये ही. उद्या हिला दिमागच्या डॉक्टरला दाखवू." बाबा म्हणाले, "अगं, हिच्यासाठी स्थळं येतायत, जरा सोच ना." "आधी तिला नीट श्वास तर घेऊ द्या," आई म्हणाली. आता गोळ्या चालू आहेत, घबराटीचा अटॅक क्वचित येतो, आणि आला तरी जातो हे मला ठाऊक आहे. दवाखान्यात जायच्या दिवशी आई अजूनही आधी माझी नजर उतरवते, आणि घरभर सगळे खोकायला लागले की म्हणते, "जा आता, डॉक्टरचंच काम आहे."