हिरामावशीचं क्लाउडी

खोलीत शिरली की हिरामावशी आधी खिडकीकडे जायची. बादली, फडकी, धुतलेल्या चादरी सगळं दारात ठेवून पडदा बाजूला सारायची आणि आभाळ बघायची. पाहुणा खोलीतच असला तर त्याच्याकडे वळून सांगायची, "मॉर्निंग क्लाउडी. आफ्टर, क्लाउडी गो. यू गो केव्ह." मगच पलंगाला हात लावायची. वेरूळ रस्त्यावरच्या त्या हॉटेलात आम्ही दोघींनी सात वर्षं बरोबरीने खोल्या साफ केल्या. आभाळ बघितल्याशिवाय तिने एकही चादर ओढलेली मला आठवत नाही.

मावशी फुलंब्रीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा तरणाच गेला, मेंढरं गेली, मग ती शहरात आली आणि पडेगावात माझ्या शेजारच्या खोलीत राहू लागली. तिने शाळेचं दार बघितलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. तरी इंग्रजी बोलायची ती आणि भिंतीला टेकून उभी राहायची मी. आम्हाला नेमून दिलेले शब्द दोनच, 'गुड मॉर्निंग' आणि 'थँक्यू'. त्यापुढे पाहुण्यांशी बोलायचं नाही, असा नियमच होता. मला तो नियम फार सोयीचा वाटायचा.

'क्लाउडी' हा शब्द तिला एका परदेशी म्हातारीने दिला. त्या बाईचा पाय मुरगळला होता. लेणी बघायला आलेली, आणि नऊ दिवस खोलीतच पडून. मावशीने सकाळी पडदा सारला की म्हातारी बोट दाखवून म्हणायची, "क्लाउडी." मावशी म्हणायची, "आभाळ आलंय." नऊ दिवसांत त्या बाईला 'आभाळ' म्हणता यायला लागलं आणि मावशीला 'क्लाउडी'. जाताना दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या. मी दारात उभी राहून टॉवेल मोजत होते.

त्या एका शब्दाला मावशीने जे राबवलं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. न्हाणीघरातला आरसा वाफेने धुरकटला की, "मिरर क्लाउडी. आय क्लीन." पाहुण्याने धुवायला टाकलेले कपडे ओले राहिले की, "टुडे क्लाउडी. शर्ट नो ड्राय. टुमारो." मॅनेजरसाहेब सकाळीच चिडलेले असले की जिन्यात आम्हा सगळ्या बायकांना, "साहेब व्हेरी क्लाउडी, लवकर हात चालवा गं." एकदा एक तरुण मुलगी फोन खाली ठेवून रडत बसली होती. आम्ही चादर बदलायला आत गेलो. मी मागच्या मागे फिरणार होते. मावशी पुढे गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, फेस क्लाउडी. टी?" ती मुलगी रडता रडता हसली. मावशीने खाली जाऊन चहा आणला. हेही नियमाबाहेरचंच होतं.

मलाही तिने शिकवायचा प्रयत्न केला. चादरींच्या खोलीत, दार लावून.

"म्हण, क्लाउडी."

"नको मावशी. कुणी ऐकलं तर?"

"अगं माय, शब्द हाय त्यो, इंचू नाय. चावतोय व्हय?"

मी पुटपुटले. तिला तेवढं पुरे झालं. "आसं बग सुमे," ती म्हणाली, "एक शब्द म्हंजी एक बकरी. धा बकऱ्या एकदम आनून कोन सांभाळतं? एकच नीट पाळ. तिला पिल्लं हुत्यात."

तिचा स्वतःच्या डोळ्यांवर फार भरवसा. एकदा आम्ही शहागंजच्या बाजारात लुगडं घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "आपा, हिरवाच है, पक्का हिरवा." मावशीने ट्यूबलाइटकडे बघितलं, लुगडं उचललं आणि सरळ दुकानाबाहेर उन्हात आली. दुकानदार मागे धावला. "अरे आपा, भागती कहाँ?" मावशी म्हणाली, "पळत नाय बाबा. उजेड काय म्हन्तो ते बगते." उन्हात ते लुगडं निळसर निघालं. तिने तिथंच घडी करून परत दिलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हॉटेलात नोटीस लागली. आम्ही अकरा जणी रोजंदारीवर होतो. त्यातल्या पाच जणींना कायम करणार, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. कायम म्हणजे काय, हे ज्याने रोजंदारी केली नाही त्याला कळायचं नाही. आजारी पडलो तर दुसऱ्या दिवशी आपल्या जागी दुसरी बाई दिसत नाही, एवढंच त्याचं सुख. मला दोन मुली. मावशीचे गुडघे गेलेले, जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायची. तिला त्या जागेची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. आणि हक्कही जास्त होता. आमच्यात पाहुण्यांशी बोलणारी ती एकटीच होती.

शिकवायला बाहेरून एक सर आले. तीन दिवस. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. सूर्याचं कार्ड दाखवलं की आम्ही हसून म्हणायचं, "इट इज अ सनी डे, सर." पावसाचं दाखवलं की पावसाचं वाक्य. दात दिसायला पाहिजेत, असं ते दहादा म्हणाले.

मावशीने हात वर केला. "सर, अन् भाईर ऊन नसलं तर?"

"मावशी, कार्डावर असेल ते बोलायचं."

"अन् भाईर असंल ते?"

सर हसले, मॅनेजरसाहेब हसले. आम्हीही हसलो. ते हसणं आठवलं की मला आता माझाच राग येतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. फुलंब्रीकडे मावशीच्या भावाचा कांदा काढून शेतात पसरलेला होता, झाकायचा राहिला होता. कामावर येताना काळी-पिवळी जीपमध्ये बसल्यापासून मावशी काचेतून वरच बघत होती. दुपारी आम्हाला हॉलमध्ये एका रांगेत बसवलं; मॅनेजरसाहेबही आमच्या बाजूलाच, खिडकीकडे तोंड करून बसले. एकेकीने सगळ्यांसमोर उभं राहायचं. माझा नंबर तिच्या आधी आला. सरांनी कार्ड धरलं, त्यावर पिवळा सूर्य. सरांच्या मागे मोठी खिडकी, आणि खिडकीत काळंकुट्ट आभाळ. मला दिसत होतं. मी दोनदा बघितलं. आणि दात दाखवून म्हटलं, "इट इज अ सनी डे, सर."

"व्हेरी गुड," सर म्हणाले.

मावशी उभी राहिली. सरांनी तेच कार्ड धरलं. तिने कार्ड बघितलं, खिडकी बघितली.

"नो सर. क्लाउडी."

"कार्ड बघा मावशी, कार्ड."

"कार्ड सनी. विंडो क्लाउडी. व्हेरी क्लाउडी." मग तिने खिडकीकडे बोट केलं. "अनियन आउटसाइड."

सगळा हॉल हसला. सर म्हणाले, "मावशी, पाहुण्याला तुमच्या कांद्याचं काय करायचंय?"

मावशी हसली नाही. "पाहुन्याला कांद्याचं काय नाय सर. पर त्यो असाच लेन्याला जाईन ना. भिजून आला तर त्याला काय सांगू? कागदावर ऊन व्हतं म्हनू?"

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी यादी भिंतीवर लागली तेव्हा कळलं. तिच्या नावापुढे शेरा होता, 'सूचना समजत नाहीत.'

सूचना समजत नाहीत! हे वाक्य मी त्या दिवसापासून किती वेळा मनात घोळवलं असेल. हॉलमध्ये एकच बाई अशी होती की जिला प्रश्न समजला होता. आम्हा बाकीच्यांना फक्त कार्ड समजलं होतं. कामचलाऊ का होईना, जिने आपल्या अकलेने वाक्यं बनवली, ती नापास. आणि जिला सात वर्षांत एक वाक्य बनवता आलं नाही, जिने पोपटासारखं दुसऱ्याचं म्हणून दाखवलं, ती पास. यादीत माझं नाव दुसरं होतं.

परीक्षेच्या दिवशीच संध्याकाळी गारा पडल्या. पण गारा पडल्या म्हणून मावशीचं खरं ठरलं, असं मला म्हणायचं नाही. पडल्या नसत्या तरी आभाळ होतंच. ते सरांनाही दिसलं असतं, मान वळवली असती तर.

त्या शेऱ्यावरून महिनाअखेर मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सात वर्षांच्या बाईला सांगायला मॅनेजरसाहेब स्वतः आले नाहीत, गेटवरच्या माणसाकडून सांगितलं. ती पडेगावची खोली सोडून भावाकडे निघाली. मी तिची भांडी पोत्यात भरू लागले आणि मला रडू फुटलं.

"तुझं झालं ना काम? मंग रडतीस कामून?"

"मावशी, मला आभाळ दिसत होतं."

"ठावं हाय मला. दोनदा बगितलंस तू." तिने माझ्या हातातला तांब्या घेऊन पोत्यात टाकला. "तुला लेकरं हायेत. मी काय म्हननार?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने पोत्याचं तोंड बांधता बांधता तीच म्हणाली, "पर एक सांगते. आमच्यात आभाळाचं खोटं बोलत नाहीत. दोन मेंढपाळ जन्माचे वैरी असूंद्या, वाटंत भेटले तर तोंड फिरवून जात्यात. पर पुढं आभाळ फुटलं असंल तर थांबून सांगत्यात. म्या खोटं सांगितलं अन् त्यानं कोकरं सोडली, तर कोकरांनी कुनाचं काय केलं? त्या सरांचं अन् माझं वैर बी नव्हतं. मंग त्येंला खोटं कसं सांगू?"

मला वाटतं, त्या सरांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती. पण सांगणार कोण?

दिवाळीनंतर परदेशी पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला. आधी येऊन गेलेले काही लोक पुन्हा आले आणि मावशीला विचारू लागले. मग मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "त्या हिराबाईला निरोप दे. फेब्रुवारीपर्यंत येऊ दे, रोजंदारीवर. पाहुण्यांसमोर दिसली पाहिजे. जास्त बोलायचं नाही. ते क्लाउडी-बिउडी म्हटलं तर चालेल, लोकांना मजा वाटते."

मजा! मी "हो साहेब" म्हणून बाहेर आले. माझी सवयच तशी.

सुट्टीच्या दिवशी फुलंब्रीला उतरून तिच्या गावी चालत गेले. मावशी बांधावर बसली होती, भावाच्या चार बकऱ्या समोर चरत होत्या. मला बघून तिने आधी मुलींची चौकशी केली, मग माझ्या पायांना काय झालं म्हणून विचारलं. टाचांच्या भेगा तिला लांबूनच दिसल्या. मी निरोप सांगितला. एकही शब्द गाळला नाही, 'मजा'सुद्धा सांगितला. सांगताना मला लाज वाटत होती.

ती आधी हसली. मग हसू गेलं.

"दोरी बांधून नाचवाया माकड हाय व्हय मी?"

"मावशी, मी फक्त निरोप..."

"तुला नाय म्हनत. त्याला सांग, मला काम पायजे. पोट हाय मला, काम कुनाला नको? पर हात येतील तवा तोंड बी संगं येईन. तोंड घरी ठिवून बाई पायजे असंल, तर अजंठ्याच्या नायतर वेरूळच्या लेन्यात बगा म्हनावं. तिथं दगडाच्या लई हायेत, अन् काई मागत बी नाहीत."

परतीच्या वाटेवर मी विचार करत होते. साहेबांना "तिला जमणार नाही" एवढं सांगितलं तरी चाललं असतं. तब्येतीचं कारण सांगता आलं असतं. तसं खोटं मला सहज जमतं, ते मला मार्चमध्येच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. एरवी मी दाराशी उभी राहून पायांच्या अंगठ्यांकडे बघते. त्या दिवशी टेबलापर्यंत गेले आणि मावशीचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला. हात, तोंड, दगडाच्या बायका, सगळं. मग थांबता आलं नाही. मी म्हणाले, "साहेब, तिच्या नावापुढचा शेरा चुकीचा होता. त्या दिवशी आभाळ होतं. मला दिसत होतं. तुम्हालाही दिसत होतं. मी खोटं बोलून पास झाले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांना राग येण्याआधी नवल वाटलं असावं.

"सुमन," ते म्हणाले, "तुला बोलता येतं?"

"येतं साहेब," मी म्हटलं. "परीक्षेत बोलायला पाहिजे होतं."