वर बघणारे शेजारी

आमचे शेजारी कुठेही गेले की आधी वर बघतात. लग्नाच्या हॉलमध्येही नवरीआधी छत. आगीची तपासणी हा त्यांचा धंदाच.

विचुंब्याजवळच्या माझ्या मेहुण्याच्या पेट्रोल पंपावर मीच त्यांना मोठेपणाने नेलं. मेहुण्याने पंपाच्या छताखाली तीन बाजूंनी पत्रे ठोकून मिसळीचं हॉटेल काढलं होतं. उद्घाटनाला माझं सगळं सासर आत बसलं होतं.

"साहेब, पंपाच्या छताला स्प्रिंकलर लागत नाहीत ना?" मेहुण्याने विचारलं.

"मोकळ्या छताला… नाही लागत. पण पत्रे मारलेत, म्हणजे ही आता माणसं बसायची खोली झाली. आणि शेजारी पेट्रोल. पत्रे काढा."

"धूळ येते हो रस्त्याची. बघू नंतर. तुम्ही तर्री घ्या!"

ते कसनुसं हसले आणि प्लेट घेऊन रस्त्याकडेला उन्हात जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग पळालो. तिथून बायकोला खुणावलं, तर ती उघड्या बाजूपर्यंत येऊन कुजबुजली, "मधेच उठले तर दादाला काय वाटेल?" आणि परत आत जाऊन बसली.

स्वतःची प्लेट माझ्या हातात देऊन शेजारी पुन्हा आत गेले, आणि तिच्या टेबलापासून बाहेरपर्यंतच्या वाटेतल्या खुर्च्या एकेक करून बाजूला सारू लागले.